बाळी, नथ, भिकबाळी घरीच बदलताय? भोक कधी तयार होतं, माप कसं घ्यायचं आणि कुठे थांबायचं

इंदूर : ‘कान सोनारानेच टोचावेत’ ही म्हण मराठी माणूस राज्य ओलांडलं तरी विसरत नाही. टोचायला जाणता हात लागतो, हे सगळ्यांना पटतं. पण टोचल्यानंतरची पहिली तार काढून तिथे हौसेची बाळी घालणं हे काम घरोघरी आरशासमोर होतं, आणि बहुतेक वेळा लग्नाला निघायच्या अर्धा तास आधी. बाळी आत जात नाही, रक्त येतं, नाक लाल होतं, मग दुसऱ्या दिवशी सूज. पाळीच्या बाबतीत हा त्रास आठवड्याभरात निभावतो. कानाच्या वरच्या कडेला किंवा नाकपुडीला मात्र असं दामटणं महागात पडू शकतं, कधी कानाचा आकार कायमचा बिघडतो.

१८१८ साली होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि राजवाड्याच्या आसपास मराठी घरं वाढली. त्या घरांतून नथ, बुगडी, कुडी, भिकबाळी असे दागिने पिढ्यान्‌पिढ्या उतरले. राजवाड्याशेजारच्या सराफ्यात दिवसा सोन्या-चांदीची दुकानं आणि रात्री खाऊगल्ली भरते. तिथे मराठी बाई ‘बाळी’ मागते, दुकानदार ‘बाली’ दाखवतो आणि कॉलेजातली मुलगी ‘हूप’ म्हणते. वस्तू एकच : भोकातून जाणारी गोल कडी. ती घरी कशी घालावी, कशी बदलावी आणि कधी हात लावू नये, याची ही सविस्तर माहिती.

कोणती कडी, कुठली जागा

सगळ्या गोल दागिन्यांची बंद होण्याची पद्धत सारखी नसते. घालण्याआधी हातातली कडी कोणत्या प्रकारची आहे, ते पाहून घ्यावं.

तारेची बाळी : सोन्याची किंवा चांदीची पातळ तार, एका टोकाला बारीक फासा, दुसरं टोक त्यात अडकवायचं. पारंपरिक बाळ्या आणि बऱ्याच नथी याच पद्धतीच्या.

बिनफाशाची रिंग : दोन्ही टोकं समोरासमोर येऊन मिटतात, सांधा दिसत नाही. वळवून उघडायची आणि वळवूनच मिटायची.

क्लिकर : एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला ‘टक्’ करून बसणारा खटका. घरी बदलायला ही सर्वांत सोपी.

मण्याची रिंग : कडीच्या दोन टोकांमध्ये एक मणी दाबून बसवलेला असतो. मणी काढायला आणि बसवायला सरावाचा हात लागतो.

दाबाची नथ किंवा रिंग : नाक न टोचता घालता येते. हिला भोक लागत नाही, त्यामुळे पुढची बरीचशी माहिती तिला लागू नाही. तासन्‌तास घातली तर त्वचेवर वळ उठतो, तेवढं लक्षात ठेवावं.

जागेनुसारही फरक आहे. कानाची पाळी मऊ मांसाची, रक्तपुरवठा चांगला, म्हणून लवकर भरते. भिकबाळी आणि बुगडी घालतात ती कानाची वरची कड कूर्चेची. कूर्चा म्हणजे बोटाने दाबली की लवणारं मऊ हाड. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. वरून असलेल्या पातळ आवरणातूनच तिला पोषण मिळतं. म्हणून तिथली जखम हळू भरते आणि तिथला जंतुसंसर्ग सहज आटोक्यात येत नाही.

भोक ‘तयार’ होणं म्हणजे काय

टोचल्यावर भोकाच्या आतल्या बाजूला नवी त्वचा चढावी लागते. बाहेरून आत, आतून बाहेर अशी ती वाढत जाते आणि मध्ये येऊन जुळते. मधला भाग शेवटी भरतो. त्यामुळे बाहेरून कोरडं आणि नीट दिसणारं भोक आतून कच्चं असू शकतं. ‘आता दुखत नाही’ म्हणून बाळी बदलली आणि मग चिघळलं, असं होतं ते यामुळेच.

साधारण किती काळ लागतो, त्याचा अंदाज असा :

– कानाची पाळी : ६ ते ८ आठवडे
– नाकपुडी : ४ ते ६ महिने
– दोन नाकपुड्यांमधला पडदा : ६ ते ८ आठवडे, योग्य जागी टोचलं असेल तर
– भुवई : ६ ते ८ आठवडे
– कानाची वरची कड, म्हणजे भिकबाळी आणि बुगडीची जागा : ६ महिने ते १ वर्ष
– बेंबी : ६ महिने ते १ वर्ष

हे आकडे निरोगी माणसाचे. मधुमेह असेल, रक्त पातळ करणाऱ्या किंवा प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर घरी प्रयोग न करता आधी डॉक्टरांना विचारावं.

भोक तयार झालं की नाही, हे ओळखायच्या चार खुणा : दाबल्यावर दुखत नाही, लाली नाही, स्राव नाही आणि सकाळी भोकाभोवती पिवळट खपली साचत नाही. चारही गोष्टी सलग काही आठवडे जुळल्या आणि वरचा काळही उलटला, तरच पहिली बाळी बदलावी. लग्नाची तारीख जवळ आली म्हणून भोक लवकर भरत नाही. मार्गशीर्षातल्या लग्नात नथ घालायची तर नाक आषाढाच्या आत टोचून घ्यावं, असा उलटा हिशेब करणं उत्तम. नाहीतर त्या दिवसापुरती दाबाची नथ आहेच.

माप : गेज विचारू नका, मिलिमीटर विचारा

कडीची दोन मापं असतात : तारेची जाडी आणि कडीचा आतला व्यास.

जाडी दुकानात ‘गेज’मध्ये सांगतात. गेजचा आकडा वाढला की तार पातळ होते. गोंधळ पुढे आहे. गेजच्या दोन पट्ट्या चालतात, अमेरिकन आणि ब्रिटिश. १८ गेज म्हणजे अमेरिकन पट्टीवर सुमारे १.०२ मिलिमीटर आणि ब्रिटिश पट्टीवर सुमारे १.२२ मिलिमीटर. ऑनलाइन मागवलेली बाळी आणि सोनाराने टोचताना घातलेली तार, दोन्ही ‘१८ गेज’ असूनही एक दुसरीच्या भोकात जात नाही, त्याचं हे एक कारण. सोनाराला किंवा टोचणाऱ्याला पहिल्याच दिवशी ‘तार किती मिलिमीटरची?’ असं विचारून कागदावर लिहून ठेवावं. आधीची बाळी दुकानात नेली तर ती व्हर्नियर कॅलिपरवर मोजून मिळते.

नवी कडी जुनीच्याच जाडीची घ्यावी. जाड कडी रेटून घातली तर आतली कोवळी त्वचा फाटते. फार पातळ कडीही बरी नाही. पातळ तारेला वजनदार घुंगरू किंवा मोती लटकला की, साबण तारेने कापावा तशी ती तार हळूहळू पाळी कापत खाली येते. यालाच घरी ‘भोक ओघळलं’ म्हणतात. ओघळलेलं भोक आपणहून वर चढत नाही. पुढे पाळी फाटली तर ती शिवून घ्यावी लागते.

व्यास कडीच्या आतून मोजतात. नाकासाठी साधारण ७ ते ९ मिलिमीटर, कानाच्या कडेसाठी ८ ते १० मिलिमीटर लागतो. नाकाची ठेवण आणि भोकाची जागा यांवर तो कमी-जास्त होतो. कडी कातडीला चिकटून आवळत असेल तर ती लहान आहे. थोडी सूज आली तरी ती आत रुतेल.

धातू : हॉलमार्क काय सांगतो, काय सांगत नाही

बाळीने खाज येण्याचं मोठं कारण म्हणजे निकेल. स्वस्त इमिटेशनच्या बाळीवर सोन्याचा मुलामा असतो, आत पितळ किंवा निकेलचा मिश्रधातू. मुलामा घासला की घाम आणि निकेल यांची गाठ पडते. एकदा निकेलची अ‍ॅलर्जी जडली की ती सहसा आयुष्यभर राहते. मग घड्याळाचा पट्टा आणि जीन्सचं बटणसुद्धा चावायला लागतं. युरोपीय संघाने टोचलेल्या भोकात जाणाऱ्या दागिन्यांतून निकेल किती पाझरावं याला मर्यादा घातली आहे : एका चौरस सेंटिमीटरमागे आठवड्याला ०.२ मायक्रोग्रॅम. ‘सर्जिकल स्टील’ या नावाने मिळणाऱ्या ३१६ एल पोलादातही १० टक्क्यांहून अधिक निकेल असतं. ते घट्ट बांधलेलं असल्याने बहुतेकांना चालतं, पण ज्यांना आधीच अ‍ॅलर्जी आहे त्यांना त्रास होऊ शकतो. त्यांच्यासाठी वैद्यकीय दर्जाचं टायटॅनियम सर्वांत सुरक्षित. ते हलकं असतं आणि त्यात निकेल जवळपास नसतंच.

सोन्याचं काय? २२ कॅरेट म्हणजे ९१६ आणि १८ कॅरेट म्हणजे ७५०. २२ कॅरेटचं सोनं त्वचेला सहसा मानवतं, पण मऊ असतं, फासा लवकर सैलावतो. रोजच्या वापराच्या कडीला १८ कॅरेट टिकाऊ पडतं. ‘व्हाइट गोल्ड’ घेताना मात्र त्यात निकेल आहे का, हे विचारावंच.

देशात सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अंकाक्षरांचा एचयूआयडी क्रमांक आवश्यक झाला. पण २ ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूला या सक्तीतून सूट आहे. नाकातली रिंग किंवा बाळाची बाळी बहुधा याच वजनात बसते. म्हणजे छोट्या बाळीवर हॉलमार्क नसणं बेकायदा नाही, पण शुद्धतेचा पुरावाही हातात राहत नाही. अशा वेळी पक्क्या बिलावर कॅरेट आणि वजन लिहून घ्यावं. शिवाय हॉलमार्क सांगतो तो सोन्याचा हिस्सा. उरलेल्या हिश्श्यात कोणता धातू आहे, हे तो सांगत नाही.

आजीची नथ आणि मोत्यांची अडचण

घरची जुनी नथ घालायची तर एक गोष्ट आड येते. टोचण्याची उपकरणं वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करतात. मोत्याची नथ अशी उकळता येत नाही. मोती कॅल्शियम कार्बोनेटचा, उष्णतेने त्याची चमक जाते. लिंबू, व्हिनेगर यांसारखं आंबट त्याला खातं. स्पिरिटही मोत्यांना चांगलं नाही. म्हणून मोत्यांची नथ पूर्ण निर्जंतुक करणं घरी शक्य नाही, आणि म्हणूनच ती फक्त पूर्ण भरलेल्या भोकासाठी आहे.

घालण्याआधी नथीची फक्त तार स्पिरिटच्या कापसाने पुसावी, मोत्यांना लागू देऊ नये आणि तार पूर्ण वाळू द्यावी. तारेवर नखाने हलकेच चाचपून पाहावं. जुन्या तारेला बारीक खरवड असते, ती आतून ओरखडते. तशी असेल तर सोनाराकडून पाच मिनिटांत घासून मिळते. मोत्यांच्या नथीचं वजन मोठं असेल तर सगळा भार नाकपुडीवर नको. पूर्वी अशी नथ दोऱ्याने किंवा साखळीने केसांत अडकवत, ती सोय आजही उपयोगाची आहे. विधी आटोपले, फोटो झाले की नथ उतरवून ठेवावी.

बहिणी-बहिणींत, जावा-जावांत बाळ्यांची अदलाबदल सर्रास चालते. कच्च्या भोकात दुसऱ्याची बाळी घालू नये. हेपटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात, आणि कच्च्या भोकात रक्त येणं सहज घडतं.

घालण्याआधीची तयारी

१. वेळ निवांत हवी. बाहेर निघायच्या घाईत हे काम काढू नये. अंघोळीनंतर त्वचा मऊ असते, ती वेळ चांगली.
२. वॉश बेसिनच्या जाळीवर कापड टाकावं. बारीक मणी आणि फिरक्या तिथूनच वाहून जातात.
३. हात साबणाने नीट धुवून स्वच्छ टॉवेलने पुसावेत. नखं कापलेली असावीत.
४. भोकाभोवतीची खपली मेडिकलमधून आणलेल्या ०.९ टक्क्याच्या सलाइनने भिजवावी आणि स्वच्छ गॉझने टिपून घ्यावी. नखाने खरवडू नये.
५. नवी कडी बिनमोत्याची, बिनखड्याची असेल तर साबणाच्या कोमट पाण्यात धुवून स्पिरिटने पुसावी आणि वाळू द्यावी.
६. आरसा स्थिर, उजेड समोरून. मोबाइलचा कॅमेरा आरसा म्हणून वापरू नये. हातात धरायला एक हात जातो.
७. नवी कडी उघडी करून बाजूला ठेवावी आणि मगच जुनी काढावी. दोन्ही कानांच्या बाळ्या एकदम काढू नयेत. नाकाचं भोक तर काही वेळातच आवळायला लागतं.

घालायची पद्धत

कडी उघडताना बांगडी फाकवावी तशी बाहेर फाकवू नये. तसं केलं की तिचा गोल बिघडतो आणि टोकं पुन्हा जुळत नाहीत. दोन्ही हातांच्या चिमटीत दोन टोकं धरून एक आपल्याकडे, दुसरं पलीकडे, असं आडवं वळवावं. मिटताना तीच हालचाल उलटी. सोन्याची तारही वारंवार वाकवली की कडक होते आणि एक दिवस तुटते. म्हणून रोज काढ-घाल करायची असेल तर क्लिकर घ्यावी.

कानात घालताना पाळी दोन बोटांत धरून हलकी खाली ओढावी, म्हणजे भोक सरळ होतं. मागे बोट ठेवावं, टोक कुठे येतंय ते बोटाला कळतं. कडीचं टोक भोकाच्या दिशेने, तिच्याच गोलाईने फिरवत न्यावं. सरळ खुपसू नये, कारण कडी गोल आहे आणि भोक सरळ.

नाकात घालताना धुतलेल्या करंगळीचं टोक त्या नाकपुडीत आतून भोकाच्या जागी टेकवावं. कडी बाहेरून आत न्यावी. टोक करंगळीला लागलं की करंगळी हळूच मागे घ्यायची आणि कडी तिच्यामागे येऊ द्यायची. मणी किंवा फिरकी चुकून नाकात वर गेली तर जोरात श्वास आत ओढू नये. तोंडाने श्वास घ्यावा, दुसरी नाकपुडी दाबून हलकेच फुंकावं. नाही निघाली तर चिमट्याने शोधत बसू नये, डॉक्टरांकडे जावं.

भिकबाळीच्या जागी कान लवत नाही, ओढून काही उपयोग नसतो. तिथे पहिल्यांदा बदलताना टोचणाऱ्याकडूनच बदलून घ्यावी. ढोलपथकात जायचं, मिरवणुकीत मिरवायचं म्हणून आदल्या आठवड्यात कड टोचून तिथे लगेच मोत्यांची भिकबाळी घालणाऱ्या तरुणांनी हे विशेष ध्यानात घ्यावं.

कोरडी कडी अडखळत असेल तर सलाइनचा थेंब किंवा मेडिकलमध्ये मिळणारी पाण्याची जेली लावावी. पूर्ण भरलेल्या जुन्या भोकाला स्वच्छ खोबरेल तेलाचं बोट चालून जातं, पण कच्च्या भोकात तेल, हळद, तूप भरू नये. त्याने स्राव आत कोंडतो आणि घाण चिकटते. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिटही जखमेत घालू नये, नवी चढणारी त्वचा त्याने जळते. बाळी रोज गोल फिरवायचा जुना सल्लाही आता देत नाहीत. फिरवताना आतली नवी त्वचा दर वेळी उचकटते.

आत जात नसेल तर

तीनदा प्रयत्न करून कडी गेली नाही तर थांबावं. दहा मिनिटं थंड पाण्याने भिजवलेलं स्वच्छ कापड लावावं, मग जुनीच कडी परत घालावी. जुनीही जात नसेल तर त्याच दिवशी सोनाराकडे किंवा टोचणाऱ्याकडे जावं. निमुळत्या सळईने भोक न फाडता वाट काढणं त्यांना जमतं. दोन दिवसांनी गेल्यास पुन्हा टोचावं लागण्याची वेळ येते.

सुई, सेफ्टी पिन किंवा कानातल्याची टोकदार दांडी घेऊन घरी पुन्हा भोक पाडू नये. भोक बुजू नये म्हणून कडुनिंबाची किंवा झाडूची काडी खोचायची रीत अजून काही घरांत आहे. काडीचे तुसे आत राहतात आणि तिच्यासोबत जंतू जातात. त्याऐवजी बायोप्लास्टची पारदर्शक कडी मिळते, ती घालावी. मात्र एमआरआय किंवा ऑपरेशनच्या वेळी काय काढायचं, काय ठेवायचं, हे रुग्णालयात आधीच विचारून घ्यावं.

ही लक्षणं दिसली तर डॉक्टर

बाळी बदलल्यावर एक-दोन दिवस किंचित लाली आणि ठणका राहू शकतो. पुढील गोष्टी मात्र घरी थांबण्यासारख्या नाहीत :

– लाली भोकापासून पसरत चालली, जागा गरम लागते
– पिवळा-हिरवा पू, दुर्गंधी
– ताप, कानाखाली किंवा मानेत गाठ
– कडी किंवा मणी कातडीत रुतला
– पाळी सोडून कानाचा वरचा भाग लाल, सुजलेला आणि स्पर्शही सहन होत नाही असा

शेवटची खूण सर्वांत गंभीर. कूर्चेच्या आवरणाखाली पू साचला तर कूर्चेचं पोषण तुटतं, ती मरते आणि कान आकसून वेडावाकडा होतो. तो नंतर पूर्ववत करणं अवघड असतं. या जागी बरेचदा स्यूडोमोनास नावाचा जंतू सापडतो, आणि मेडिकलमध्ये सांगून आणलेल्या नेहमीच्या अमॉक्सिसिलिनसारख्या गोळ्या त्याच्यावर चालत नाहीत. चार दिवस ती गोळी खात बसणं म्हणजे ते चार दिवस कान गमावणं. २००० साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात एकाच दुकानात कानाची वरची कड टोचून घेतलेल्या अनेकांना हाच जंतुसंसर्ग झाला होता आणि त्याचं मूळ दुकानातल्या जंतुनाशकाच्याच बाटलीत सापडलं. म्हणून बाटलीवर ‘जंतुनाशक’ लिहिलं आहे, एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

पू झाला म्हणून घाबरून बाळी काढून टाकायचीही घाई नको. कडी काढली की भोक वरून मिटतं आणि पू आत अडकतो. काढायची की ठेवायची, हे डॉक्टरांना ठरवू द्यावं. इंदूरमध्ये महाराजा यशवंतराव रुग्णालयात, इतर जिल्ह्यांत शासकीय रुग्णालयात कान-नाक-घसा विभागाकडे जाता येतं.

भोकाशेजारी टणक गाठ येऊन ती भोकाच्या हद्दीबाहेर वाढत असेल तर तो केलॉइड असू शकतो. तो फोडून किंवा कापून घरी जात नाही. घरात कुणाला असा त्रास असेल तर कानाची कड टोचण्याआधीच त्वचारोगतज्ज्ञांना विचारावं.

बाळाची बाळी

बाराव्या दिवशी कान टोचायची पद्धत अनेक मराठी घरांत आहे. बाळाला धनुर्वाताविरुद्धचं संरक्षण देणारी पेंटाव्हॅलंट लस मिळते ती ६, १० आणि १४ आठवड्यांना. त्यामुळे हे डोस होईपर्यंत टोचणं पुढे ढकलावं, असा सल्ला डॉक्टर देतात. बारशाचा विधी हळद-कुंकू लावून करता येतो, टोचायचं नंतर. बाळाच्या बाळीचा फासा सोनाराकडूनच दाबून घ्यावा, लोंबतं घुंगरू नको. कडी सैल होऊन गादीवर पडली तर ती सरळ तोंडात जाते.

इथल्या सवयी, इथली काळजी

रंगपंचमी : राजवाड्यावरच्या गेरमध्ये रंग आणि गुलाल कानात-नाकात जाणारच. भोक कच्चं असेल तर गर्दीत जाऊ नये. गेलंच तर घरी आल्यावर वाहत्या पाण्याने आणि मग सलाइनने धुवावं. टोचायचंच असेल तर रंगपंचमी उलटल्यावर टोचावं.

स्कार्फ आणि हेल्मेट : दुचाकीवर तोंडाला स्कार्फ गुंडाळायची सवय इंदुरात आहे, जळगाव-धुळ्यातही आहे. सोडताना कडी धाग्यात अडकते आणि हिसका बसतो. स्कार्फ चेहऱ्यासमोरून उचलून सोडावा, ओढून नाही. हेल्मेट काढताना भिकबाळीच्या बाजूने आधी सैल करावं.

पावसाळा : ओलसर हवेत भोक कोरडं राहत नाही. केस धुतल्यावर भोकाची मागची बाजू टिपून घ्यावी. कच्चं भोक असताना तलाव, नदी, स्विमिंग पूल टाळावा.

थोडक्यात

भोक पूर्ण भरलं असेल, जुन्या-नव्या कडीची जाडी मिलिमीटरमध्ये जुळत असेल आणि जागा पाळीची किंवा नाकपुडीची असेल, तर बाळी घरी बदलायला हरकत नाही. पहिली बदल, कानाची वरची कड, मण्याची रिंग आणि न जाणारी कडी, या चार वेळी टोचणाऱ्याकडे जावं. सूज पसरली, ताप आला, कानाची कड लाल झाली, तर सोनार नको, थेट डॉक्टर.